पिकअप उचलून मोठे टायर बसवायचेत : २६५/६५ वरून २८५/७० ला जाण्याआधी काय काय तपासायचं?

खडकवाट (प्रश्न)

गाडी डबल कॅब पिकअप, ४x४, ऑटोमॅटिक. पुढे डबल विशबोन आणि कॉइल स्प्रिंग, मागे सलग अ‍ॅक्सल आणि पाटे. सध्याचे टायर २६५/६५ आर १७, रिम ७.५ इंच रुंद, ऑफसेट ईटी ३० (रिमच्या मध्यापासून हबवर टेकणाऱ्या बाजूचं अंतर, मिमीत; आकडा कमी तितकं चाक बाहेर). डिफरन्शियलचा रेशो ३.९. आठवडाभर डांबरी रस्ता, सुट्टीच्या दिवशी खडकाळ चढ आणि खोल चाकोऱ्या, शिवाय महिन्यातून दोनदा मागे ४००-५०० किलो माल.

चाकोरीतल्या मधल्या उंचवट्यावर गाडीचं पोट घासतं. म्हणून २८५/७० आर १७ टायर, ८ इंची ईटी ० रिम आणि ५० मिमी लिफ्ट असा बेत आहे. पुढे शॉकअपच्या डोक्यावर स्पेसर, मागे पाट्याखाली ब्लॉक, अर्ध्या दिवसात काम होईल, असं एका गॅरेजने सांगितलं. एवढ्यावर भागेल का? नंतर काय काय निस्तरावं लागेल, ते आधीच कळलेलं बरं.

मोजपट्टी

लिफ्टचं नंतर पाहू, आधी टायर ठरवा. लिफ्टने चेसी, बंपर आणि दाराखालचा भाग वर जातो. मागच्या डिफरन्शियलचा गोळा (अ‍ॅक्सलच्या मध्यावरचा गिअरचा डबा) मात्र होता तिथेच राहतो, त्याला वर नेतो तो फक्त टायर. त्यामुळे उंचवट्यावर नक्की काय घासतं ते गाडीखाली वाकून बघा. ओरखडे मागच्या गोळ्यावर असतील तर ५० मिमी लिफ्ट करूनही ते तसेच पडत राहतील.

तुमच्या मापांचा हिशेब असा. २६५/६५ आर १७ चा व्यास ७७६ मिमी, २६५/७० चा ८०३, आणि २८५/७० चा ८३१. काढायची रीत सोपी आहे: रुंदीला (२६५) टक्केवारीने (६५) गुणायचं, त्याची दुप्पट करायची आणि रिमचे ४३२ मिमी मिळवायचे. म्हणजे २८५ ने व्यास ५५ मिमी वाढला तरी गोळा वर जातो निम्माच, सुमारे २७ मिमी. २६५/७० ने तो १३ मिमी वर जातो.

व्यास ७ टक्के वाढला की बाकीचं सगळं त्याच हिशेबाने बदलतं. काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी १०७ ने धावत असेल. मूळ काटे बहुधा थोडे पुढेच असतात, त्यामुळे काही फरक झाकला जातो, पण जीपीएसवर ताडून पाहाच. ओडोमीटरही मागे पडेल: १०,००० दिसले तर गाडी १०,७०० चाललेली असेल. ऑइल बदलायचं ते हे धरून. मायलेज काढतानाही किलोमीटरला १.०७ ने गुणा, नाहीतर आहे त्यापेक्षा वाईट आकडा हाती येईल.

गिअरिंगचंही तेच. ३.९ चा रेशो आता ३.६४ असल्यासारखा वागेल. ऑटोमॅटिक बॉक्स चढावर सारखा वरखाली करेल, कन्व्हर्टरचं लॉकअप (इंजिन आणि बॉक्सची थेट जोडणी) सुटत राहील आणि बॉक्सचं तेल तापेल. मूळचा जोर परत हवा असेल तर रेशो ४.१७ च्या आसपास लागतो, म्हणजे बाजारात मिळेल तो ४.१ किंवा ४.३. आणि ४x४ मध्ये पुढचा-मागचा दोन्ही डिफरन्शियल एकाच वेळी बदलावे लागतात. एकच बदलला तर फोर-व्हीलमध्ये टाकताच दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांशी झगडतील आणि ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला जोर वाटणाऱ्या डब्याचा) बळी जाईल. हा खर्च लिफ्टपेक्षाही मोठा असू शकतो, म्हणून २८५ ला होकार देण्याआधी तो जमेस धरा.

आता घासण्याचं. लिफ्ट केली की टायर घासणार नाही, हा समज निम्माच खरा आहे. गाडी उभी असताना मडगार्ड आणि टायरमधली जागा वाढते, हे खरं. पण चाक खड्ड्यातून पूर्ण वर दाबलं जातं तेव्हा बंप स्टॉप (चाकाला आणखी वर जाऊ न देणारा रबरी अडसर) जुन्याच जागी असेल तर टायरही जुन्याच जागी पोचतो, फक्त आता तो २७ मिमी जास्त मोठा असतो. शिवाय टायर जसा वर वाढतो तसाच पुढे आणि मागेही २७ मिमी वाढतो. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढच्या टायरचा मागचा कोपरा कॅबच्या माउंटला (कॅब चेसीवर टेकते तो कंस) आणि लायनरला (मडगार्डच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर) शिवतो, तिथे लिफ्टचा काडीचा उपयोग नाही.

तुमच्या रिमने ते आणखी बिघडेल. ईटी ३० ची ईटी ० केली आणि रुंदी अर्धा इंच वाढवली की रिमची बाहेरची कड ३६ मिमी बाहेर जाते आणि आतली कड २४ मिमी आतल्या भागांपासून लांब सरकते. टायर जितका बाहेर, तितका तो वळताना मोठा घेर घेतो आणि मागच्या कोपऱ्यात जोरात लागतो. व्हील बेअरिंगवर भार वाढतो, खड्ड्यात स्टिअरिंग हाताला झटके देतं. २८५/७० ला ७.५ ते ९ इंची रिम चालते, म्हणजे तुमची मूळ रिमही त्या मापात बसते. ती ठेवूनच टायर चढवून पाहा. वरच्या आर्मला लागला तर ईटी १५-२० च्या आसपासची रिम शोधा. ईटी ० ला माझा ठाम नकार.

विशबोन

पुढच्या बाजूचं सांगतो. डोक्यावरच्या स्पेसरने उंची वाढते, पण स्प्रिंग तीच, शॉकअप तोच. शॉकअप खालच्या आर्मवर साधारण निम्म्या अंतरावर टेकलेला असतो, म्हणून २५ मिमी जाडीचा स्पेसर चाकापाशी ५० मिमीच्या आसपास लिफ्ट देतो. ५० मिमी लिफ्टसाठी ५० मिमी स्पेसर मागवणारे इथेच फसतात.

त्यातलं खरं दुखणं असं. शॉकअप जणू तेवढा लांब झाला. चाक खाली लटकेल तेव्हा ते मूळ मर्यादेच्या पलीकडे जाईल. वरचा बॉल जॉइंट कोनात अडकेल, ड्राइव्ह शाफ्टचा सीव्ही जॉइंट (तिरक्या कोनातही चाक फिरवणारा सांधा) जास्त तिरका होईल, काही गाड्यांत वरचा आर्म थेट कॉइलला टेकेल. चाक वर दाबलं जाईल तेव्हा उलट: बंप स्टॉप लागायच्या आधी शॉकअपच आतून तळाला टेकू शकतो. तसं दोन-चारदा झालं की सील फुटतं आणि रॉडवर तेल दिसू लागतं.

चांगला मार्ग म्हणजे योग्य लांबीचा शॉकअप आणि त्याला जुळणारी स्प्रिंग. स्प्रिंग निवडताना गाडीवर कायमचं वजन किती आहे ते आधी ठरवा. लोखंडी बंपर आणि विंच पुढे असेल तर ६०-८० किलोचा फरक पडतो आणि त्या स्प्रिंगा वेगळ्या असतात. पुढे काही नसताना जड स्प्रिंग टाकली तर लिफ्ट ५० ऐवजी ७० येईल आणि गाडी दगडासारखी चालेल.

या रचनेत साधारण ५० मिमीपर्यंत मूळ आर्म आणि शाफ्ट निभावतात. त्यापुढे वरचा आर्म बदलायला हवा. डिफरन्शियल खाली घेण्याचे स्पेसर मिळतात, त्यांनी शाफ्टचा तिरकसपणा थोडा कमी होतो, पण डिफरन्शियल तितकाच जमिनीकडे येतो. ज्यासाठी एवढा खटाटोप, ते थोडं परत दिल्यासारखं आहे. ५० मिमीवर मी तो लावणार नाही. त्यापेक्षा सीव्ही बूटच्या (त्या सांध्यावरच्या रबरी आवरणाच्या) घड्या एकमेकींवर घासत नाहीत ना, ते दर सर्व्हिसला पाहा. बूट फाटायच्या आधी घडीच्या टोकाला रबर काळं-चकचकीत होतं आणि ग्रीसची बारीक रेघ बाहेर येते. ती रिमच्या आतल्या बाजूला ठिपक्यांच्या रूपात दिसते.

अलाइनमेंट तर लागतेच, पण नुसता टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत) सरळ करून गाडी हातात घेऊ नका. लिफ्टने कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो. तो कमी राहिला की वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि सरळ रस्त्यावर गाडी भरकटते. काम करण्याआधीचा आणि नंतरचा, दोन्ही प्रिंटआउट मागा. खालच्या आर्मच्या कॅम बोल्टने कॅस्टर वाढवताना चाक पुढे सरकेल अशा बाजूने वाढवायला सांगा, त्यामुळे मागच्या कोपऱ्यातलं घासणंही थोडं कमी होतं. कॅम शेवटच्या टोकाला जाऊनही कॅस्टर मापात येत नसेल, तर वरचा आर्म बदलण्यावाचून इलाज नाही.

एक गोष्ट बहुतेक ठिकाणी चुकते. आर्मचे रबर बुश असलेले बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना शेवटच्या टॉर्कला कसले, की बुश त्या लटकलेल्या कोनात जखडला जातो. गाडी खाली घेतली की रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत चिरतं. हे बोल्ट हाताने लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची, दोनदा दाबून हलवायची आणि मगच कसायचे. मागच्या पाट्यांच्या डोळ्यांतल्या बुशनाही हाच नियम.

आणि स्प्रिंग घरी दाबू नका. दोन हुकांचा स्वस्त कॉम्प्रेसर घसरला तर स्प्रिंग हात मोडते, डोकंही फोडते.

पाटेवाला

मागच्या बाजूला ब्लॉक चालतो, पण अटी आहेत. तो भरीव हवा, त्याची पिन अ‍ॅक्सलच्या बैठकीतल्या भोकात पूर्ण बसलेली हवी, आणि एकच हवा. मूळ गाडीत ब्लॉक असेल तर त्यावर दुसरा चढवायचा नाही. पुढच्या चाकांना ब्लॉक तर कधीच नाही. उंच ब्लॉकने आणखी एक त्रास होतो: जोरात एक्सिलरेटर दिला की अ‍ॅक्सल स्वतःभोवती फिरू पाहतो, पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वळतो आणि चाक उड्या मारतं.

तुम्ही महिन्यातून दोनदा ५०० किलो नेता, म्हणून मी ब्लॉकऐवजी पाट्यांचा नवा संच सुचवेन, त्यात ३०० किलोच्या आसपासच्या कायम भाराचा नको. रिकाम्या गाडीत तसा संच पाठ मोडतो. जादा पाटा घालायचा असेल तर पूर्ण लांबीचा घाला. आखूड पाट्याचं टोक वरच्या पाट्यात एकाच जागी रुततं आणि तिथेच तडा जातो. लांब शॅकलने (पाट्याचं मागचं टोक चेसीला टांगणारी पट्टी) लिफ्ट अर्धीच मिळते, म्हणजे ५० मिमी लांब शॅकल २५ मिमी देतो, शिवाय पिनियनचं (डिफरन्शियलला शाफ्ट जोडला जातो त्या टोकाचं) तोंड वर होतं.

यू-बोल्ट जुने वापरू नका. कसताना ते ताणले जातात, दुसऱ्यांदा तीच पकड येत नाही. पाट्याचा सेंटर बोल्ट फक्त जागा दाखवतो. अ‍ॅक्सल धरून ठेवते ती यू-बोल्टची पकड. ती ढिली झाली की सेंटर बोल्ट कापला जातो आणि अ‍ॅक्सल तिरका सरकतो. चारही नट आलटून-पालटून, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने कसायचे, आणि ५०० किमीनंतर पुन्हा पाहायचे.

डबल कॅबला प्रोपेलर शाफ्ट बहुधा दोन तुकड्यांचा असतो. लिफ्टनंतर गाडी उभ्यावरून सुटताना खालून थरथर आली तर मधल्या बेअरिंगचा कोन बिघडलाय. बेअरिंगच्या कंसाखाली पातळ स्पेसर घालून ते खाली घेतात. ठरावीक वेगाला सतत गुणगुण येत असेल तर पिनियनचा कोन बघा, तो वेजने जुळवता येतो.

आता ब्रेक, कारण हे कोणी सांगत नाही. बऱ्याच पिकअपमध्ये चेसी आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्ये एक दांडी असते. ती मागच्या ब्रेकच्या लोड सेन्सिंग व्हॉल्व्हला जोडलेली असते. मागे माल भरला की चेसी खाली येते, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. तुम्ही मागे ५० मिमी उचलली की व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामीच आहे. माल असूनही मागचा ब्रेक कमी लागतो, पुढच्यावर सगळा भार येतो आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते. उपाय साधा आहे: अ‍ॅक्सलकडचा कंस लिफ्टइतकाच वर घेणे. तुमच्या गाडीत ही दांडी आहे का, ते खाली वाकून बघा. नसेल तर हे काम बहुधा इलेक्ट्रॉनिक प्रणाली करते.

त्याच वेळी अ‍ॅक्सल पूर्ण लटकवून ब्रेकचा रबरी होज, एबीएसची वायर, हँडब्रेकची केबल आणि डिफरन्शियलची श्वासनळी ताणत नाही ना, हे हाताने चाचपून बघा. श्वासनळी निसटलेली राहिली तर पुढच्या ओढ्यात पाणी थेट गिअर ऑइलमध्ये जातं आणि तेल दुधासारखं पांढरट होतं.

खडकवाट

खाली जाऊन पाहिलं. ओरखडे गोळ्यावर नाहीत, ट्रान्सफर केसखालच्या पत्र्यावर आणि दाराखालच्या पट्टीवर आहेत. दांडीवाला व्हॉल्व्ह आहे. ईटी ० रिम रद्द. आता दोन प्रश्न. २६५/७० टायर मूळ रिमवर ठेवून ४०-५० मिमी लिफ्ट केली तर? आणि फक्त बॉडी लिफ्ट केली तर सस्पेन्शनला हात न लावता काम होईल का?

मोजपट्टी

बॉडी लिफ्टने कॅब चेसीपासून वर जाते, चेसी आणि ट्रान्सफर केस जागच्या जागी. तुमचा ट्रान्सफर केसचा पत्रा तसाच घासेल, म्हणून तुमच्या कामाची नाही. तिचा एकच खरा फायदा, पूर्ण दाबलेल्या चाकालाही जागा मिळते. पण त्यासाठी स्टिअरिंग शाफ्ट, रेडिएटरच्या पंख्याचं आवरण, डिझेल भरायची नळी, अर्थिंगच्या वायरी, बंपरमधली फट, सगळंच जुळवत बसावं लागतं.

२६५/७० ला फरक ३.४ टक्के, रेशोचा प्रश्न येत नाही. मूळ रिमवर बहुतेक गाड्यांत फक्त लायनर आणि मडफ्लॅपपाशी तपासावं लागतं. तुमचा वापर बघता मीही हेच निवडेन.

भारमान

टायर घेताना माप सारखं असलं तरी जात सारखी नसते. साधा प्रवासी गाडीचा टायर आणि हलक्या ट्रकचा एलटी टायर यांत हवेचं गणित वेगळं आहे. एलटी टायरला तेवढंच वजन पेलायला जास्त हवा लागते. उदाहरणार्थ २८५/७० आर १७ एलटी टायरवर १२१/११८ लिहिलेलं असतं. १२१ म्हणजे १४५० किलो, पण ८० पीएसआयला. दारावरच्या स्टिकरची जुनी हवा भरली तर टायर आतून तापेल. कंपनीच्या भार-हवा तक्त्यात अ‍ॅक्सलचं वजन शोधून किमान हवा ठरवा, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी दोन वेगळे आकडे लिहून ठेवा. मग टायरवर खडूची आडवी जाड रेघ ओढून सपाट रस्त्यावर शंभर मीटर सरळ चालवा. मधलाच खडू पुसला गेला तर हवा जास्त, फक्त कडांचा पुसला तर कमी. मात्र तक्त्यातल्या किमान आकड्याच्या खाली उतरू नका.

जाड कडांचा टायर एकेकी ६ ते ९ किलो जड असू शकतो, आणि हे वजन स्प्रिंगच्या खाली फिरतं, म्हणून ब्रेक, शॉकअप आणि बॉल जॉइंट या तिघांनाही जाणवतं. लिफ्टने गाडीची भारक्षमता वाढत नाही. नव्या जड पाट्यांवर ती जास्त वाकत नाही एवढंच, अ‍ॅक्सल आणि ब्रेक तेच असतात. उलट बंपर, विंच, जड टायर यांचं वजन क्षमतेतून वजा होतं.

उलटण्याचा हिशेबही एकदा करून पाहा. चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. अमेरिकेतली एनएचटीएसए ही संस्था उलटण्याच्या धोक्याचं रेटिंग देताना हाच आकडा वापरते. ट्रॅक १५४० मिमी आणि मध्य ७२० मिमी धरला तर १.०७ येतो. मध्य ६० मिमी वर गेला तर ०.९९. अचानक चुकवाचुकवी करताना हा फरक खरा असतो, आणि कॅबवरच्या कॅरिअरवर सामान असेल तर तो आणखी खाली जातो. जड वस्तू मागच्या हौद्यात, कॅबच्या पाठीला लावून, तळाला ठेवा.

हेडलाइट विसरू नका. पुढे ५०, मागे २५ मिमी उचलली आणि व्हीलबेस ३ मीटर असेल तर नाक ०.८३ टक्के वर होतं. दिव्याचा झोत मुळात १ टक्का खाली असतो, म्हणजे जवळजवळ सगळा उतार संपला आणि समोरच्याच्या डोळ्यांत झोत गेला. मागे माल भरला की आणखी वर. भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करून कटऑफची रेघ दिव्याच्या मध्यापेक्षा १० सेंमी खाली आणा. दिव्यावर वेगळी टक्केवारी छापली असेल तर तीच धरा. पुढे कॅमेरा किंवा रडार असेल तर त्यांचं कॅलिब्रेशनही करून घ्यावं लागतं.

नोंदणीचे नियम आणि विमा याबद्दल काम सुरू होण्याआधी लेखी विचारा. तोंडी होकार दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही.

विशबोन

टायर विकत घेण्याआधीची चाचणी सांगतो, ती लिफ्टच्या दिवशीच होते. पुढची बाजू स्टँडवर घ्या. शॉकअपमधून कॉइल काढून नुसता शॉकअप परत लावा. टायर चढवा, तोच नसेल तर त्याच मापाचा मागून आणलेला. ट्रॉली जॅकने खालचा आर्म बंप स्टॉप पूर्ण दाबेपर्यंत उचला. आता स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवा आणि वरचा आर्म, स्टॅबिलायझर बार, लायनर, कॅब माउंट, चारही ठिकाणी बोट घालून फट बघा. १० मिमीपेक्षा कमी कुठेही नको, चिखल आणि टायरची लवचीकता तेवढी जागा खाते. हेच चाक पूर्ण लटकवूनही करा. फट कमी पडली तर बंप स्टॉप तेवढा उंच करणं हा पहिला उपाय. लायनर गरम हवेने मागे दाबता येतं. कॅब माउंट कापायला कोणी सांगितलं तर थांबा, तो भार उचलणारा भाग आहे.

खडकवाट

ठरलं : २६५/७० एलटी, मूळ रिम, पुढे ४५ मिमी स्प्रिंग-शॉकअप, मागे हलक्या भाराचे पाटे, व्हॉल्व्हचा कंस वर. उंची कुठून मोजायची? आणि स्टेपनी जुनीच २६५/६५ ठेवली तर चालेल?

पाटेवाला

उंची जमिनीपासून मोजू नका, टायर आणि हवा बदलली की आकडा खोटा ठरतो. हबच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत, चारही चाकांना, सपाट जागेवर, टाकी सारखीच भरलेली असताना. आधीचे चार आकडे दाराच्या आतल्या बाजूला टेपवर लिहून ठेवा. स्प्रिंगा पहिल्या ५००-१००० किमीत थोड्या बसतात. तेव्हा पुन्हा मोजा, यू-बोल्ट आणि आर्मचे बोल्ट तपासा आणि शेवटची अलाइनमेंट त्यानंतर करा. चाकांचे नट मात्र पहिल्या १०० किमीतच पुन्हा टॉर्कला पाहा.

जुनी स्टेपनी पंक्चरवाल्यापर्यंत टू-व्हीलमध्ये, पुढच्या चाकावर चालेल. मागे पंक्चर झालं तर पुढचं मोठं चाक मागे घ्या आणि स्टेपनी पुढे लावा, म्हणजे मागच्या डिफरन्शियलमध्ये लिमिटेड स्लिप (एक चाक नुसतं फिरत राहू न देणारी रचना) असेल तर तिच्या प्लेटा घासणार नाहीत. फोर-व्हीलमध्ये मात्र अजिबात टाकायची नाही. तुम्ही खडकात जाता, तिथे फोर-व्हील बंद ठेवून बाहेर येणं कठीण, म्हणून पाचवाही २६५/७० घ्या. घेण्याआधी हौद्याखालच्या जागेत ८०३ मिमीचा टायर मावतो का आणि सायलेन्सरच्या नळीपासून लांब राहतो का, ते मोजा.